चंद्रावरची बुजवलेली रेघ

कापडात सरळ रेघ दिसली की ती खोड असते, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. ताण्यातली, म्हणजे उभ्या सुतातली, एक तार तुटली आणि विणणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, तर लुगड्यात लांबच्या लांब रेघ पडते. तसं लुगडं कोणी घेत नाही. माझं माहेर उमरेडचं, सासर नागपुरात महालाच्या मागच्या बाजूला, आणि दोन्ही घरांत माग. शाळा चौथीपर्यंत झाली, पण तुटलेली तार मी त्याच्याही आधी शोधायला लागले होते. बाप माग थांबवून हाक मारायचा, मी मागाच्या फणीजवळ जाऊन बोट ठेवायची, "ही पाहा." डोळा तिथे घडला. पुढे त्याच डोळ्याने माझ्याकडून एक मोठी चूक करवली.

नागपूरची राजधानी जाणार की राहणार याच्या गप्पा पानठेल्यांवर चालायच्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. सासऱ्यांचा माग चालू होता, पण एका मागावर घर भागत नव्हतं, म्हणून नवरा एका फोटो स्टुडिओत लागला होता. अंधाऱ्या खोलीत प्लेटा धुणं आणि फोटो छापणं हे त्याचं काम. ऐन लग्नसराईत तिथला रिटचिंगवाला रायपूरला निघून गेला. मालकांनी डोक्याला हात लावला. नवरा कधी फार बोलत नसे, पण त्या दिवशी म्हणाला, "मही बायको करून पाह्यते. तिले तुटलेली तार कंदिलातबी दिसते."

रिटचिंग म्हणजे काय ते सांगते. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर निघायचा. प्लेटवर सगळं उलटं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. तोंडावरची सुरकुती, खड्डा, व्रण प्लेटवर स्वच्छ काचेसारखे दिसतात. त्या जागी राळेचं तेल बोटाने चोळायचं आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने बारीक ठिपके देत जागा भरायची. ती भरली की फोटोत सुरकुती नाहीशी होते. प्लेटवर काळा ठिपका असला तर तो फोटोत पांढरा उमटतो. तो चाकूच्या टोकाने खरवडायचा. मालकांनी पहिल्याच दिवशी घरी येऊन बजावलं होतं, "पेन्सिल टर्पेंटाइननं पुसता येते, बाई. चाकू पुसता येत नाही. अन् एक प्लेट बिघडली की काम बंद."

मी खिडकीशी बसून काम करायची. खाली आरसा, वर दुधी काच, त्यावर प्लेट, हातात भिंग. नवरा सकाळी लाकडी पेटीतून प्लेटा आणायचा, दुसऱ्या दिवशी परत न्यायचा. त्या काळी देवीचे व्रण असलेले नवरदेव पुष्कळ. मी त्यांची तोंडं गुळगुळीत करायची. मला हे काम आवडत होतं. याच्या आधी मी दिवसभर रहाटावर सुताच्या कांड्या भरायची, पाठ मोडायची आणि वर बोलणी खायची. आता खिडकीशी बसले की कोणी उठवत नसे.

सासूला हे खपत नव्हतं. शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणायची, "आमची सून दिवसभर परक्या माणसाईच्या गालावरून हात फिरवते. अन् सांजच्याले त्याच हातानं आमच्या भाकरी थापते."

मी म्हणायची, "आत्याबाई, त्याईचे गाल काचेचे आहेत."

"काचेचे असू दे, नाहीतर मातीचे. गाल तो गालच. ज्या दिवशी एखादी काच फोडशीन ना, त्या दिवशी रहाट तयारच आहे तुह्यासाठी."

आमच्या गल्लीत समोरच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत एक मास्तर राहायचे. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. माणूस पुण्याकडचा, एकटा, सडपातळ, बोलण्यात अदब. त्यांनी स्वतः दुर्बीण केली होती. तिचा आरसा त्यांनी हाताने घासला. एक पिंप उलटं करून त्यावर जाड काच ठेवली, वर दुसरी काच, मध्ये घासायची पूड आणि पाणी. मग वरची काच मागे-पुढे ढकलत पिंपाभोवती फिरायचं. असं ते सगळा पावसाळा आणि अर्धा हिवाळा फिरले. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "देव नाही, देऊळ नाही, अन् मास्तर पिंपाले प्रदक्षिणा घालून राह्यले."

नळी टिनवाल्याकडून करून घेतली होती, धान्याच्या कोठीसारखी दिसायची. चंद्र आकाशात सरकत असतो, त्यामुळे दुर्बिणीलाही त्याच्यामागे सरकावं लागतं. त्यासाठी त्यांनी एक डबा वाळूने भरला होता. खालच्या भोकातून वाळू गळे, तसं वर ठेवलेलं वजन हळूहळू खाली उतरे आणि दोरीने दुर्बीण ओढली जाई. हे डोकं मला पसंत होतं. बाकी त्यांचं चंद्राचं वेड मी मनावर घेतलं नव्हतं. चंद्रावरच्या निराळ्या जागा शोधून त्यांचे फोटो काढायचे, असं ते सगळ्यांना सांगायचे. कुठे भेग, कुठे पुरीसारखा फुगवटा, कुठे एक सरळ उभी भिंत. सासऱ्यांना त्यांनी हे सगळं एकदा ओट्यावर बसून समजावलं होतं. मी आत कणीक मळत होते. कान दिला असता तर पुढचं टळलं असतं. मी दिला नाही.

सासऱ्यांना समजवायचं कारण आमचा माग होता. माग चालला की गल्ली हादरायची, मास्तरांची गच्चीही हादरायची आणि फोटोतला चंद्र हलायचा. म्हणून फोटो काढायचा असला की दिवेलागणीनंतर मास्तर दारात यायचे.

"बुवा, पाच मिनिटं माग थांबवता का?"

सासरे म्हणायचे, "मास्तर, चंद्र काय पळून जाऊन राह्यला? माहा पाय लयीत आला आता."

"चंद्र नाही पळत बुवा, पण ती भिंत पळते. महिन्यातून एखाद-दुसऱ्या संध्याकाळीच नीट दिसते. ऊन तिरपं पडलं की तिची सावली पडते. ऊन वर चढलं की गेली."

"म्हंजे आमच्या ओट्यावानीच. सकाळी सावली, दुपारी नाही." असं म्हणून सासरे माग थांबवायचे आणि तंबाखू मळायला घ्यायचे.

फाल्गुनातल्या शुद्ध नवमीला असाच माग थांबला. मास्तरांनी सहा प्लेटा घेतल्या आणि धुवायला नवऱ्याकडे स्टुडिओत दिल्या. पाच हलल्या, त्यांत नुसता धुरकट अर्धा गोळा आला. सहावी मात्र साफ निघाली. गुजरातेत त्यांचा एक जोडीदार होता, फक्त पत्रांतून ओळखीचा. त्याने लिहिलं होतं की घरी घासलेल्या आरशातून एवढी बारीक जागा फोटोत येणारच नाही. त्याला पाठवायला मास्तरांना हीच एक प्लेट हवी होती.

ती प्लेट नवऱ्याने धुतली, वाळवली आणि बाकीच्या प्लेटांबरोबर पेटीत ठेवली. त्याच्या मनात काही नव्हतं. पेटीत जागा होती, म्हणून ठेवली. ती पेटी माझ्यापुढे आली. सहा नवरदेव आणि एक चंद्र. पेटीतल्या प्लेटा साफ करायच्या हे माझं काम, म्हणून मी चंद्रही घेतला.

सगळ्या तोंडाला देवीचे व्रण. मी थोडा वेळ विचार केला. एवढे खड्डे बुजवले तर तोंडच राहणार नाही, म्हणून ते राहू दिले. पण मधल्या सपाट भागात, अंधाराच्या कडेशी, केसाएवढी बारीक आणि अर्ध्या तांदळाएवढी लांब रेघ होती, अगदी सरळ. बाकी सगळं वाकडंतिकडं, गोल, फुटकं, आणि त्यात ही एकटी सरळ. मला पाहताक्षणी वाटलं, कोणाचं नख लागलं. मी तेल चोळलं, भिंग लावलं आणि ती अशी भरली की दुसऱ्या कोणाला जागा सापडू नये. तिच्या वरच्या टोकाजवळ खसखशीहून लहान एक काळा ठिपका होता. तो चाकूने खरवडला. झाल्यावर मी प्लेट खिडकीपुढे धरून पाहिली. काम चांगलं झालं होतं. मी खूश होते, हे लपवत नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी नवरा जेवायला बसला. म्हणाला, "मास्तरचा फोटो बिनकामाचा निघाला."

मी विचारलं, "काहून? हलला का?"

"हलला नाही. त्यात एक भिंत पाह्यजे होती म्हणे. दुर्बिणीतून तासभर पाह्यली त्याईनं, पण फोटोत आलीच नाही. आता म्हणतेत आरसाच खोटा आहे. उतरवून पुन्हा घासतो."

"कशी होती भिंत?"

त्याने ताटातल्या वरणात बोटाने सरळ रेघ ओढली. "अशी."

तव्यावरची भाकर जळाली. सासू म्हणाली, "ध्यान कोठी आहे वं?" मी जळकी भाकर बाजूला काढली.

मला कळलं होतं की हे फक्त मलाच ठाऊक आहे. मालकांनी प्लेट पाहिली नव्हती. नवऱ्याने फोटो छापला, पण काय पाहायचं ते त्याला माहीत नव्हतं. मास्तर स्वतःच्या आरशाला दोष देत होते. मी गप्प बसले तर माझं खिडकीतलं काम चालू राहणार होतं. बोलले तर रहाट. मी दोन दिवस गप्प बसले. पहिल्या दिवशी तर बऱ्यापैकी आरामात बसले. म्हटलं, घासू दे आरसा, त्यांना सवयच आहे.

तिसऱ्या दिवशी रविवार होता, होळी अगदी तोंडावर. सकाळी खडखड आवाज आला म्हणून मी खिडकीतून पाहिलं. मास्तर ते जुनं पिंप जिन्यावरून एकेक पायरी वर चढवत होते. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, अंगात बनियन. गच्चीच्या कठड्यावर जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तो आरसा. आमच्या सासऱ्यांनी खालून विचारलं, "आज लागले का गा पुन्हा प्रदक्षिणेले?"

मास्तर वरून म्हणाले, "काय करता बुवा. चांगला वाटला होता. आज पूड टाकली की झालं, मग मागचं सगळं मोडलंच म्हणायचं."

पूड टाकली की मागचं सगळं मोडलं. हे मला समजलं. चांगला ताणा कोणी उगाच कापायला निघाला, तर तो पाहत कोष्ट्याच्या घरचं माणूस बसून राहत नाही. मी खिडकीतून उठले.

पण एकट्या बाईने परक्या पुरुषाच्या गच्चीवर जायची पद्धत नव्हती. नवरा कामावर. सासरे जिना चढत नव्हते. उरली सासू. ती चुलीपुढे बसून मिरच्या भाजत होती. मी तिच्यापुढे उभी राहिले आणि सांगून टाकलं. रेघ, पेन्सिल, दोन दिवस गप्प बसणं, सगळं.

तिने चिमटा खाली ठेवला. मला वाटलं, आता सगळी गल्ली जमा करते.

"दोन दिवस?" ती म्हणाली.

"हो."

"अन् तो तिकडं चांगला आरसा मोडून राह्यला?"

"हो."

"मंग उभी काहून आहे वं? पदर घे अन् चाल." ती उठली, माझ्या हातात टर्पेंटाइनची बाटली पाहून म्हणाली, "हे घासलेट कशाले?"

"घासलेट नाही, आत्याबाई. यानं पेन्सिल पुसते."

"तुही जीभबी पुसून घे मंग थोडी. लय चालते एरवी. दोन दिवस काय झालं होतं तिले?" असं म्हणत ती गल्ली ओलांडेपर्यंत आणि जिना चढेपर्यंत बोलत होती. मध्ये श्वास घ्यायला थांबली तेवढंच.

मास्तरांनी काच पिंपावर बसवली होती आणि पुडीचा डबा उघडत होते. मी म्हटलं, "मास्तर, थांबा. तुमची भिंत मी बुजवली."

ते वळले. "काय म्हणालात वहिनी?"

"आरसा खोटा नाही. भिंत प्लेटवर आली होती. मला ओरखडा वाटला. मी पेन्सिलीनं भरून टाकली."

सासू मागून म्हणाली, "भरते चांगली. तेवढं मात्र येते तिले."

मास्तर आत गेले आणि प्लेट घेऊन आले. मी ती हातात घेतली. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवून, पिळून, त्या जागी फिरवला. बोळ्यावर राखाडी डाग आला. दुसरा बोळा घेतला. त्याच्यावर थोडा. तिसरा कोरा राहिला. मी प्लेट उन्हाकडे धरली आणि त्यांच्या हातात भिंग दिलं.

ते बराच वेळ वाकून होते. मग म्हणाले, "आली." आणि जवळ बसायला काही नव्हतं म्हणून जमिनीवरच बसले. पुडीचा डबा त्यांनी बंद केला आणि झाकण पुन्हा दाबून पाहिलं.

मला वाटलं आता जावं. पण अर्धं सांगून गेले असते तर पुन्हा तेच झालं असतं. म्हटलं, "आणखी एक आहे. रेघेच्या वरच्या टोकाशी एक काळा ठिपका होता. तो मी चाकूनं खरवडला. तो नाही परत येणार."

ते उठले. पुन्हा भिंग लावलं. "इथे ठिपका होता? प्लेटवर काळा म्हणजे चंद्रावर पांढरा. मला आठवत नाही. मी सगळा वेळ भिंतच पाहत होतो."

"बाकीच्या पाच प्लेटांत पाहा ना."

"त्या हललेल्या आहेत. त्यांत भिंतच नाही, तर ठिपका कुठला." मग म्हणाले, "तो प्लेट धुवायच्या औषधाचा कण असेल तर काही बिघडलं नाही. पण तो चंद्रावरचा असेल, तर खाडाखोड केलेला फोटो मी कोणाला पाठवणार नाही. पुढच्या नवमीला ऊन पुन्हा तिथे तसंच पडेल. तेव्हा दिसेल."

पुढची नवमी म्हणजे रामनवमी. जवळजवळ महिना.

मालकांना मीच सांगितलं. दुपारी नवरा जेवायला आला, त्याच्याबरोबर स्टुडिओत गेले. कामाची पेटी घरीच यायची, त्यामुळे तिथे मी पहिल्यांदाच पाय ठेवला. मालक पडद्यावर रंगवलेल्या बागेपुढे खुर्ची पुसत होते. त्यांनी ऐकून घेतलं. ओरडले नाहीत, ते मला जास्त लागलं. म्हणाले, "पेन्सिलीचं माफ. चाकूचं रामनवमीले पाहू. तोवर प्लेटा तुह्याकडे येणार नाहीत. ठिपका चंद्राचा निघाला, तर पुढंबी नाही."

घराच्या दारात नवरा म्हणाला, "पेटीत मीच टाकली होती ती प्लेट."

मी म्हटलं, "पेटीत टाकली तुम्ही. चाकू मी चालवला."

तो महिना मी रहाटावर बसले. खिडकीतलं टेबल सासूने भिंतीला लावून त्यावर मिरच्यांचं सूप ठेवलं. होळी झाली. पौर्णिमेचा चंद्र आला, मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मग तो झिजत गेला, नाहीसा झाला, पाडव्यानंतर पुन्हा कोर दिसली. तेव्हापासून मात्र रोज सांजेला अंगणात जाऊन पाहायची. सासू म्हणायची, "वाढते वं तो, तू नको ओढू." कांड्या भरताना तो ठिपका डोळ्यांपुढे यायचा. कधी वाटायचं, औषधाचाच होता, कडा तुटकी होती. कधी वाटायचं, नाही, गोल होता. महिनाभरात मी तो इतक्या वेळा आठवला की खरा कसा होता ते सांगता येईना.

रामनवमीला माग बंदच होता. दिवसभर गरम वारा सुटला, धूळ उडाली आणि आकाश मातकट झालं. माझं जेवणात लक्ष नव्हतं. सूर्य कलला तसा वारा पडला. दिवेलागणीला चंद्र डोक्यावर होता, अर्ध्याहून थोडा मोठा आणि स्वच्छ. आम्ही सगळे गच्चीवर गेलो. मालक आले, नवरा आला, सासू आली. या वेळी सासरेही काठी टेकत जिना चढले. म्हणाले, "एवढ्या वेळा माग थांबवला, पाहू तरी कशासाठी."

मास्तरांनी वाळूचा डबा लावला, नळी फिरवली आणि आधी स्वतः पाहिलं. मग म्हणाले, "अजून तासभर थांबावं लागेल. ऊन त्या दिवशीएवढं चढू दे." आम्ही तासभर गच्चीवर बसलो. सासऱ्यांनी मालकांना तंबाखू दिली. सासूने मास्तरांना विचारलं, लग्न का नाही केलं. मास्तर म्हणाले, आरसा घासत होतो. सगळे हसले. मी हसले नाही.

मग त्यांनी मला बोलावलं. "वहिनी, आधी तुम्ही पाहा. जागा तुम्हालाच ठाऊक आहे."

मी डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग एकदम चंद्र आला, एवढा मोठा आणि इतका जवळ की मी मान मागे घेतली. पुन्हा लावला. उलटा दिसतो म्हणून मास्तरांनी सांगितलं, पण मला अडचण आली नाही. माझी सगळी माणसं काळ्या तोंडाची आणि पांढऱ्या केसांची असायची, मला उलटं नवीन नव्हतं. अंधाराच्या कडेने मी सपाट जागेवर आले आणि रेघ दिसली. सरळ, काळी, बारीक. नखाचा ओरखडा नाही, तुटलेली तार नाही. तिथे ती होतीच. मी तिच्या टोकाकडे गेले.

"काय दिसतं?" मालकांनी विचारलं.

"थांबा," मी म्हटलं.

टोकाच्या आजूबाजूला नुसती राखाडी सपाटी होती. पांढरं काही नव्हतं. मी पापणी मिटून डोळा पुसला आणि पुन्हा पाहिलं. वाळू गळत होती, त्याचा आवाज ऐकू येत होता. ठिपका नव्हता.

"काही नाही तिथं," मी म्हटलं.

"तू नाही म्हणणारच," मालक म्हणाले. "सर बाजूले." त्यांनी चष्मा काढला आणि वाकले. त्यांचं काम सगळं डोळ्याचंच, त्यांना फसवणं सोपं नव्हतं. बराच वेळ पाहून ते उठले. मग मास्तरांनी पाहिलं, वहीतलं चित्र काढून ताडलं, पुन्हा पाहिलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "तिथे काहीच नाही. औषधाचा कण होता."

मालक वळले ते थेट नवऱ्याकडे. "काहून गा? औषधाची पावडर पुरती विरघळवल्याबिगर प्लेट बुडवते का तू? किती खेपा सांगतलं, कपड्यातून गाळून घे म्हणून?"

नवरा खाली पाहत म्हणाला, "त्या दिवशी घाई होती."

"म्हंजे महिनाभर हिले रहाटावर बसवलं ते तुह्या खड्यापायी!"

सासू म्हणाली, "बसू द्या हो. कांड्या तर भरल्या ना."

आपण महिनाभर खांदे वर ओढून बसलो होतो, हे ते खाली आल्यावर मला कळलं. मी कठड्याला टेकून उभी राहिले. रडले वगैरे नाही. भूक मात्र लागली, दिवसभराची एकदम. सासरे तोवर दुर्बिणीला डोळा लावून बसले होते आणि उठायला तयार नव्हते.

"हे तर सरळ आहे गा," ते म्हणाले. "फणीतून निघाल्यावानी. कोणं विणलं?"

मास्तरांनी त्याच जुन्या प्लेटचा फोटो छापून गुजरातेत पाठवला. पत्रात त्यांनी ठिपक्याची हकीकतही लिहिली, माझं नाव न घालता. नंतर उत्तर आलं ते त्यांनी आमच्या ओट्यावर वाचून दाखवलं. भिंत साफ आली आहे, आरसा चांगला आहे, असं त्यात होतं. शेवटी त्या माणसाने विचारलं होतं, तुमच्याकडचा रिटचिंगवाला कोण, इतका सफाईचा हात आमच्याकडे मिळत नाही. सासूने ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "वाला नाही म्हणा, वाली." आणि मिरच्यांचं सूप टेबलावरून उचलून नेलं.

पेटी पुन्हा यायला लागली. ज्या प्लेटला हात लावायचा नाही तिला लाल सूत बांधायचं, असं मी मालकांकडून ठरवून घेतलं. सूत आमच्याच घरचं होतं. पुढे मास्तरांच्या पुष्कळ प्लेटा पेटीतून आल्या. त्यांतल्या भेगा, फुगवटे आणि खड्डे मी भिंगातून पाहायची आणि तशाच परत पाठवायची.

काम पुन्हा सुरू झालं त्या पहिल्या दिवशी पेटीत एका म्हाताऱ्या बाईची प्लेट होती, कपाळावर पाच आडव्या रेघा. मी पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. नवऱ्याला म्हटलं, "मालकांले विचारून या, ह्या बुजवायच्या की ठेवायच्या."

तो परत आला तो हसतच. "मालक म्हणतेत, असं दर रेघेले विचारत बसली तर लग्नं होऊन पोरं होतीन लोकाईले."

"मंग?"

"ठेव म्हणे."

मी ठेवल्या. पुढचा नवरदेव घेतला, त्याच्या गालावर तेल चोळलं आणि खिडकी थोडी जास्त उघडली.